आधी झाडू, मग पाणी

वकीलबाई, दोतोरा एलेनिसे, कॉफीला यायच्या होत्या. त्या जेवणालाच येऊन टपकल्या आणि तिथून सगळं बिनसलं.

बेत तसा साधा होता. रविवारचं जेवण नेहमीप्रमाणे नोन्नोंच्या घरी. जेवण झालं की नोन्नो, म्हणजे माझे आजोबा, आरामखुर्चीत घोरायला लागतात. ते घोरले की वकीलबाईंना आत घ्यायचं, आईला गाठायचं आणि फॅक्टरीवर केस करायला तिला तयार करायचं. बेत निवाल्दोमामाचा, मी त्यात सामील. इवोनेमामीला सांगून ठेवलं होतं, पण ती सामील नव्हती. आणि आईला काहीच माहीत नव्हतं. आम्हा बोर्तोलाझ्झोंच्या घरात बेत असेच होतात. ज्याच्यासाठी करायचे त्याला शेवटी कळतात.

मामी ओव्हनमधून कोंबडी काढत होती तेवढ्यात फाटकावर टाळ्या वाजल्या; आमच्याकडे दार ठोठावत नाहीत, टाळ्या वाजवतात. फाटक उघडायला नोन्नोच गेले. शहाऐंशी वर्षांचा माणूस, पण फाटकावर टाळी वाजली की आमच्या कुणाच्याही आधी उठतो.

"या बाई, या. जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला आम्ही उपाशी परत पाठवत नाही. कोण आपण?"

मामा शेवयांचं भांडं हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

"झुल्मिराचं गिऱ्हाईक आहे, बाबा," मामी म्हणाली. "स्कर्ट शिवून घ्यायचाय त्यांना." झुल्मिरा म्हणजे माझी आई, ती याच घरात शिवणकाम करते. मामी खोटं इतकं झटकन बोलते की कधी कधी तिच्या खऱ्याचीही शंका येते.

आईने एकदा वकीलबाईंच्या हातातल्या जाड बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सॅलडमध्ये तोंड घातलं. तिला सगळं समजलं होतं. तरी ती एवढंच म्हणाली, "बसा, दोतोरा. माप जेवणानंतर घेते." दोतोरा इथे वकील-डॉक्टरांना म्हणतात; आई गिऱ्हाइकाला दोतोरा का म्हणतेय, हे नोन्नोंच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

नोन्नोंना सांगितलेलं होतं ते असं: झुल्मिराच्या छातीत पाणी झालंय, न्यूमोनिया जरा हट्टी आहे, औषधं चालू आहेत. खरं असं होतं की आईला फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाला होता, आणि तो अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशिवाय सहसा होत नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "सिमेंटच्या पत्र्यांच्या फॅक्टरीत होता का कामाला?" आई म्हणाली, "मी नाही. वडील होते." दुसरा प्रश्न होता, "मग ती धूळ घरी यायची का?" आईने पिशवी उचलली आणि उठली. बसमध्ये घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. फाटकाशी आल्यावर मला म्हणाली, "जुसारा, हे बाबांना कळता कामा नये. ते जिवंत आहेत तोवर तरी नाही."

कारण धूळ घरी आपोआप आली नव्हती. नोन्नोंनी ती आणली होती, सायकलवर, पोत्यांतून.

घरामागे आमचं बोशाचं मैदान आहे. लांबट पट्टा, दोन्ही बाजूंना फळ्या. लाकडी जड गोळे घरंगळवत छोट्या गोळ्याजवळ न्यायचे, एवढाच खेळ, पण त्यावरून इथे सख्खे भाऊ वर्ष वर्ष बोलेनासे झालेत. गोळा सरळ जायला जमीन गुळगुळीत लागते. आणि फॅक्टरीत लेथवर पाइप घासताना जी पांढरी भुकटी पडायची, तिच्यासारखी गुळगुळीत जमीन दुसऱ्या कशाचीच होत नाही. नोन्नो लेथ खात्याचे फोरमन होते. आधी स्वतःच्या मैदानाला, मग मागेल त्या शेजाऱ्याला, मग सगळ्या गल्लीला त्यांनी भुकटी दिली. शेवटी शेवटी तर फॅक्टरीचा ट्रकच यायचा.

मैदानाची देखभाल आईकडे. लहानपणी रोज संध्याकाळी पुरुष खेळायला यायच्या आत ते झाडून ठेवायचं काम तिचं. नोन्नोंचा नियम ठरलेला होता: आधी झाडू, मग पाणी. आधी पाणी मारलं तर झाडूने ओरखडे उठतात आणि गोळा वाकडा जातो. म्हणून कोरडंच झाडायचं. आई त्या पांढऱ्या ढगात उभी राहून मैदान आरशासारखं करायची आणि बक्षीस म्हणून नोन्नो तिला भोपळ्याच्या वडीचा तुकडा द्यायचे.

आजार कळला त्याच आठवड्यात मामाने मैदानावर जाड प्लास्टिक अंथरलं, कडेने विटा ठेवल्या. नोन्नोंना सांगितलं, शेजारच्या कुत्र्याने उकरलंय, पावसाळा संपला की नीट करू. तेव्हापासून नोन्नो रोज कुत्र्याला शिव्या घालतात. बिचारं कुत्रं कधी फाटकाच्या आतसुद्धा आलेलं नाही.

जेवण उरकलं एकदाचं. नोन्नो आज घोरले नाहीत. पाहुणी घरात असताना झोपणं त्यांच्या रीतीत बसत नाही. आईने मेजावरची फीत उचलली आणि म्हणाली, "चला दोतोरा, माप घेते." मीही मागोमाग शिवणखोलीत गेले. दार लावल्यावर आई खुर्चीवर टेकली आणि श्वास जागेवर यायची वाट बघत राहिली.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"मीच, आई," मी म्हणाले. "मामाने आणि मी."

"छान. दोघांचंही तोंड नंतर रंगवते. दोतोरा, उभ्या राहा. स्कर्टचं नाव निघालंय तर स्कर्ट होणार. या घरात बाबांशी पूर्ण खोटं कुणी बोललेलं नाही."

आणि ती खरंच माप घ्यायला लागली. दोतोरा एलेनिसे धिप्पाड बाई. कामगार संघटनेच्या ऑफिसात त्यांनी फॅक्टरीच्या कितीतरी आजारी माणसांच्या केसेस लढवल्या होत्या, पण कमरेला फीत गुंडाळून कायदा सांगायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असणार.

"दोना झुल्मिरा, तुमच्यापुढे काय काय आहे ते नुसतं ऐकून घ्या. मग नाही म्हणा. सरकारी आजारपणाचा भत्ता तुम्हाला मिळतोय, तो मिळत राहील. त्याचा केसशी संबंध नाही."

"हात वर करा."

"दुसरं, फॅक्टरीच्या वकिलांनी पाठवलेला कागद. दवाखान्याचा थोडा खर्च ते देणार, थोडी रक्कम देणार, आणि तुम्ही लिहून द्यायचं की आमची काही तक्रार नाही, पुढे कधी काही मागणार नाही, तुमची मुलगीसुद्धा मागणार नाही. तिसरं म्हणजे नुकसानभरपाईची केस. तुम्ही तिथे कामाला नव्हता, त्यामुळे कामगार कोर्टात नाही, दिवाणी कोर्टात. तिथे औषधपाणी, बुडलेली कमाई, सोसलेला त्रास, सगळं मागता येतं. तुमच्यानंतर जुसारा ती केस पुढे चालवू शकते. पण थांबून चालत नाही. आजाराचं कारण कळलं तेव्हापासून मुदत सुरू झालेली आहे."

"मी त्या कागदावर सही करणार आहे. फॅक्टरीच्या. मागे वळा."

"आई!"

"तू गप्प बस. सुया धर."

दोतोरा पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. "फॅक्टरी म्हणेल, ही बाई आमच्याकडे नव्हतीच. धूळ घरी गेली असेल तर चोरून गेली असेल. ती फॅक्टरीने स्वतः दिली, वाटली, हे सांगणारा माणूस लागतो. त्या खात्यातले बाकीचे..."

"मेले. माहितेय मला. विर्जिलिओ, दिर्सेऊ, तो तिरका बघणारा कासेमिरो. सगळे आमच्याकडेच खेळायचे."

"मग उरले तुमचे वडील. साक्षीदार म्हातारा असला की जज त्याचा जबाब केसच्या आधीही घेतात. एकदाच यावं लागेल त्यांना."

आईने फीत सोडली. "आणि काय सांगायचं त्यांनी तिथे? परक्या जजपुढे उभं राहून सांगायचं, भुकटी मी आणली, झाडू मी दिला, कोरडं झाडायला मी शिकवलं? दोतोरा, तुम्ही आज माझ्या बाबांसोबत जेवलात. कोंबडीचा सगळ्यात चांगला तुकडा त्यांनी तुमच्या ताटात घातला. असा माणूस आहे तो. त्याने मला मारलं हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं? नाही. मी जाणारच आहे. त्यांना सुखाने जाऊ दे."

मला रडू कोसळलं. "आणि माझं काय?" मी म्हणाले. "तुझं नवीन औषध कुठून आणायचं? फॅक्टरीने तुला मारायचं आणि वर आपण लिहून द्यायचं की तक्रार नाही?"

"तुझा राग मला कळतो गं," आई म्हणाली आणि माझ्या हातातल्या सुया काढून घेतल्या. "तुला टोचतायत त्या."

इकडे मागच्या पडवीत काय चाललं होतं ते मामीने मला नंतर सांगितलं, त्यामुळे त्यात तिची बाजू जरा उजळ असेल. मामीला केस नको होती. नोन्नोंनी कामगार म्हणून मागे कधीतरी फॅक्टरीच्या तडजोडीवर सही केली होती, त्या बदल्यात दरवर्षीची तपासणी आणि दवाखान्याचं कार्ड मिळालं होतं. त्या कार्डावर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, प्रोस्टेटचं झालं. "उद्या ते कार्ड बंद झालं तर?" मामी मामाला दबक्या आवाजात विचारत होती. "रात्री उठून बाबांना बाथरूमला कोण नेतं? तू? तुझी बहीण? मी नेते. मला नको विचारायला कुणी?"

"बाईंना विचारलंय मी. बाबांची सही त्यांच्या स्वतःच्या दाव्यापुरती आहे. साक्ष द्यायला त्यांचं तोंड कुणी बंद केलेलं नाही."

"वकिलांचं काय जातं बोलायला!"

या भांडणात दोघांचंही नोन्नोंकडे लक्ष नव्हतं. नोन्नोंच्या डोक्यात एकच गोष्ट होती: घरी पाहुणी आलीय, जेवण झालंय, आता बोशा खेळायला नको? ते हळूच अंगणात उतरले. एक वीट सरकवली. दुसरी सरकवली. प्लास्टिकचा कोपरा उचलून मागे टाकला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "झुल्मिरा! अगं, कुत्र्याने काहीसुद्धा उकरलेलं नाही! ये, मैदान झाड!"

शिवणखोलीत ती हाक आम्हाला ऐकू आली. आई उठायच्या आत मी पळाले.

मी पोचले तेव्हा मामा नोन्नोंच्या हातातून झाडू ओढत होता. मामा तसा शांत माणूस, पण तो ओरडत होता. "हात लावू नका! सांगितलंय ना हात लावू नका!"

"माझं मैदान आहे! तू कोण मला सांगणार?"

"निवाल्दो, सोड," मामी म्हणाली. "निवाल्दो, बोलू नकोस..."

"हीच! हीच भुकटी तिच्या छातीत आहे, बाबा! न्यूमोनिया नाही तो! ही तिला खातेय!"

बोलून झाल्यावर मामा फळीवर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. मामीने त्याला शिवी दिली आणि लगेच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नोन्नो झाडू धरून उभे होते. मला वाटलं ते पडतील. पडले नाहीत. त्यांनी झाडूकडे बघितलं, मग मैदानाच्या उघड्या कोपऱ्याकडे. त्यांनी विचारलं, "विर्जिलिओला झालं ते?"

मामीने मान हलवली.

"विर्जिलिओ, दिर्सेऊ... मला वाटायचं, पुढचा नंबर माझा. आम्ही त्या खात्यात राबलो, आमचं पोट भरलं, ते मरण आमचं होतं. मी तयारीत होतो." त्यांनी घराकडे बघितलं. "पण ते आमचं होतं. तिचं नव्हतं."

तोवर आई दारात आली होती, गळ्यात फीत तशीच. मागे दोतोरा.

"तुम्ही काही केलं नाही, बाबा," आई म्हणाली. "तुम्हाला कुठे माहीत होतं? कुणी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"आधी झाडू, मग पाणी," नोन्नो म्हणाले. "मीच ना? ओरडलो होतो तुला एकदा. तू आधी पाणी मारलंस म्हणून. खोकला येतो म्हणालीस. आणि मी ओरडलो."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं."

आई त्यांच्याजवळ गेली. अंगणाच्या त्या चार पावलांनी तिला धाप लागली आणि ती धाप आज पहिल्यांदा नोन्नो नीट ऐकत होते. त्यांनी झाडू टाकला नाही; भिंतीला नीट टेकवून ठेवला, उलटा, दांडा खाली, जसा आमच्याकडे नेहमी ठेवतात. मग रडले. म्हाताऱ्या माणसाला असं हंबरडा फोडून रडताना मी आधी कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची ताकद माझ्यात नाही. आई त्यांचं डोकं खांद्यावर घेऊन म्हणत राहिली, "पुरे आता, पुरे."

नाक पुसून झाल्यावर ते दोतोरांकडे वळले. "तुम्ही स्कर्टसाठी आला नाहीत."

"नाही, सेऊ एर्मेलिंदो," दोतोरा त्यांचं नाव मानाने घेत म्हणाल्या.

"मग काय हवंय माझ्याकडून?"

दोतोरांनी सांगितलं, थोडक्यात. फॅक्टरी चोरीचा आळ घेईल हेही सांगितलं. त्यावर नोन्नो ताठ झाले. "चोरी? मी? उभ्या आयुष्यात एक खिळा नाही आणला तिथून! मॅनेजर स्वतः म्हणायचा, न्या, तेवढाच कचरा कमी. त्याच्या हुकमाने ट्रक यायचा. कुठे उभा राहून सांगू, बोला."

"कुठेच नाही," आई म्हणाली. "केस माझी. मी सही केली नाही तर केस नाही. आणि मी करणार नाही. विषय संपला."

"झुल्मिरा..."

"बाबा, अख्खी गल्ली तुम्हाला टोपी काढून नमस्कार करते. मी हे असं संपू देणार नाही."

काहीतरी आठवल्यासारखं नोन्नोंनी फाटकाकडे बघितलं. "गल्ली," ते म्हणाले. "गल्लीला दिली मीच. फिलोमेनाच्या अंगणात आहे. तिच्या पलीकडे आहे. त्यांच्या घरात लेकरं आहेत, इवोने?"

"आहेत," मामी म्हणाली. "फिलोमेनाची पणती रांगायला लागलीय."

"टोपी दे माझी."

"बाबा, आत्ता कुठे जाताय? उद्या नगरपालिकेला कळवू, ते लोक नीट..." मामा उठला.

"कळव तू नगरपालिकेला. मी शेजाऱ्यांकडे जातो. भुकटी देताना मी कुणाची वाट बघितली नव्हती."

मामीने टोपी आणून दिली. तिच्या चेहऱ्यावर कार्डाची काळजी तशीच होती, तरी तिनेच त्यांची कॉलर नीट केली. मग तिने मामाला दटावलं, "बघत काय बसलायस? कोपरा भिजव आणि झाक." मामाने नळी लावली.

आई नोन्नोंच्या आडवी आली नाही. त्यांच्या दंडाला धरून चालायला लागली. "एकटे कुठे पडलात म्हणजे," ती म्हणाली. ती दोन पावलं चालायची आणि थांबायची, मग नोन्नोही थांबायचे. मी आणि दोतोरा मागे. दोतोरांची बॅग तेवढ्या वेळात उघडलीच गेली नव्हती.

फिलोमेनाच्या फाटकापाशी नोन्नोंनी टोपी काढली आणि टाळ्या वाजवल्या.

"कोण? अगबाई, सेऊ एर्मेलिंदो! या ना आत! कॉफी ताजी आहे!" फिलोमेना खिडकीतूनच ओरडली. तिची नातसून अंगण झाडत होती. कोरडंच. पांढरी धूळ तिच्या गुडघ्यापर्यंत उठत होती, आणि पायरीवर छोटी बसली होती, दोन्ही हात पांढरे करून.

"झाडू थांबव, पोरी," नोन्नो म्हणाले. आवाज कापत होता, पण फोरमनचा होता. "आधी छोटीला आत ने. मग पाणी मार. आधी पाणी."

"पण आजोबा, आमच्याकडे तर कायम तुम्हीच सांगितलेलं..."

"मी चुकीचं सांगितलं होतं," नोन्नो म्हणाले. "फिलोमेना, बाहेर ये. तुझ्या अंगणात मी काय टाकलंय ते सांगायला आलोय. माझ्या लेकीला त्यानेच धरलंय."

फिलोमेना एप्रनला हात पुसत बाहेर आली, आणि ती नोन्नोंकडे न बघता आधी आईकडे बघत राहिली.

आईने फाटकाचा गज धरला. मान वळवली. दम घेऊन बोलली, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत आलं.

"दोतोरा, तुमचा स्कर्ट गुरुवारी तयार होईल. न्यायला याल तेव्हा केसचे कागद घेऊन या. कोर्टात बाबांच्या शेजारी मी बसणार आहे."